पहिल्या अक्षरापूर्वीची धावपळ

सस्तन प्राण्याच्या पेशीत जनुकाचं वाचन कसं सुरू होतं, याची एक ठरलेली आकृती असते. डीएनएची आडवी रेघ. तिच्यावर 'टाटा बॉक्स' लिहिलेली चौकट. इथे जमशेदपूर आठवू नये, टी-ए-टी-ए हा त्या जागेवरच्या अक्षरांचा क्रम आहे. चौकटीवर एकेक करून येऊन बसणारी रंगीबेरंगी प्रथिनं, त्यांच्यामागून आलेलं थोरलं आरएनए पॉलिमरेज आणि उजवीकडे वळलेला बाण. बीएस्सीच्या पेपरात ही आकृती नीट काढून नावं दिली की गुण मिळतात. आकृती खोटी नाही. पण ती नेमकी कोणाची, हे सहसा कोणी सांगत नाही. ती मुख्यतः ॲडेनोव्हायरस-२ या विषाणूच्या एका प्रमोटरची, म्हणजे जनुकाचं वाचन सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या तुकड्याची, आहे. माणसाच्या स्वतःच्या जनुकांकडे पाहिलं, तर आरंभाशी टाटा बॉक्स असलेली जनुकं पाचांत एकाहूनही कमी भरतात.

एका विषाणूचं चित्र सगळ्यांचं म्हणून कसं रूढ झालं आणि त्या चित्राच्या चौकटीबाहेर पडल्यावर काय दिसलं, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे, असं मला वाटतं. प्रस्तावनेत पुढच्या प्रकरणांचा सारांश देण्याची प्रथा आहे. ती मोडून मी वाचकाला फक्त एक वाट दाखवणार आहे. तपशिलांची गर्दी पुढे आहेच.

प्रतिलेखन म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाच्या आधाराने आरएनएची प्रत उतरवणं. प्रत उतरली की तिची काटछाट होते, ती केंद्रकाबाहेर पडते, रायबोसोमवर तिच्यावरून प्रथिन तयार होतं. या साखळीत नियंत्रण कुठेही बसवता आलं असतं, आणि उत्क्रांतीने ते थोडंथोडं सगळीकडे बसवलंही आहे. तरी सगळ्यांत कडक बंदोबस्त सुरुवातीलाच आहे. कारण व्यवहाराचं आहे. स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाचं जनुक वीस लाखांहून अधिक अक्षरांचं आहे. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा वाचायला पॉलिमरेजला सुमारे १६ तास लागतात. एवढी मजल मारायला लावून मग 'राहू दे, नको होतं' म्हणणं पेशीला परवडत नाही. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. त्यांतली सुमारे १,६०० जनुकं अशी प्रथिनं बनवतात, ज्यांचं काम डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं नाही यात भाग घेणं एवढंच आहे. शरीराने आपल्या जनुकांचा जवळजवळ बारावा हिस्सा या एका निर्णयात गुंतवला आहे.

जीवाणूंच्या बाबतीत हा निर्णय कसा होतो, याचा पहिला सुबक खुलासा १९६१ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी केला. आतड्यातल्या ई. कोलायला दुधातली साखर मिळाली की ती पचवणारी जनुकं उघडतात, नाहीतर त्यांच्या दाराशी एक प्रथिन अडून बसतं. हा खुलासा इतका देखणा होता की पुढची दहा-पंधरा वर्षं सगळ्यांना वाटत होतं, सस्तन प्राण्यांत हेच जरा मोठ्या प्रमाणावर चालत असेल. तसं नव्हतं. जीवाणूत जनुक मुळात उघडं असतं आणि ते अडवावं लागतं. आपल्या पेशींत बहुतेक जनुकं मुळात झाकलेली असतात आणि ती उघडावी लागतात. पुढचा सगळा गुंता या एका फरकातून आला.

गंमत म्हणजे पॉलिमरेजचा पहिला माग एका सस्तन प्राण्यातच लागला होता. १९५९ मध्ये शिकागोत सॅम्युएल वाइस यांनी उंदराच्या यकृतातल्या केंद्रकांत आरएनए बनवणारी क्रिया दाखवली. पण यकृताच्या चिखलातून ते विकर शुद्ध करणं महाकर्मकठीण होतं, त्यामुळे सगळी मंडळी जीवाणूंकडे वळली. १९६९ मध्ये सिएटलमध्ये रॉबर्ट रोडर हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक विल्यम रटर यांनी सागरी अर्चिनच्या भ्रूणांतून आणि उंदराच्या यकृतातून काढलेला अर्क एका स्तंभातून गाळला, तेव्हा आरएनए बनवणारी क्रिया एका ठिकाणी न उतरता तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरली. उतरण्याच्या क्रमानेच त्यांना पॉलिमरेज-१, २ आणि ३ अशी नावं मिळाली. प्रथिनांचे निरोप लिहून घेणारं ते पॉलिमरेज-२. पहिलं आणि तिसरं मुख्यतः रायबोसोमचे भाग, टी-आरएनए वगैरे सांभाळतात.

या तिघांना वेगळं ओळखायची सोय एका विषारी अळंबीने करून दिली. अमॅनिटा फॅलॉइड्स ही युरोपातली अळंबी दिसायला साधी असते. ती खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब होतात, मग रुग्ण सावरल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी व्हायला लागतं. तिच्यातलं अल्फा-अमॅनिटिन हे विष पॉलिमरेज-२ ला घट्ट धरून जवळपास थांबवतं. तिसऱ्याला थांबवायला त्याची मात्रा कितीतरी जास्त लागते आणि पहिल्यावर त्याचा परिणाम होत नाही. मधली ती फसवी सुधारणाही यावरून थोडी उलगडते: जुने निरोप आणि जुनी प्रथिनं असेतोवर पेशी तग धरून राहते, नवे निरोप मात्र येत नाहीत. प्रयोगशाळांना मात्र यातून एक अचूक कसोटी मिळाली. नळीत चाललेलं काम पॉलिमरेज-२ चंच आहे ना? चिमूटभर विष टाका, थांबलं तर त्याचंच.

आता खरी अडचण पुढे आली. शुद्ध केलेलं पॉलिमरेज-२ डीएनएवर सोडलं, तर ते सुरुवात करतं, पण वाटेल तिथून. डीएनएचा धागा जिथे चिरलेला असेल, टोक जिथे मोकळं असेल, तिथून ते लिहीत सुटतं. बारा उपघटकांचं, एवढं अवाढव्य यंत्र, पण प्रमोटर ओळखायची अक्कल त्याला नाही. जीवाणूच्या पॉलिमरेजला ही अक्कल सिग्मा नावाच्या एका प्रथिनातून मिळते, हेही १९६९ मध्येच कळलं होतं. सस्तन प्राण्यातला सिग्मा शोधायला लोक निघाले आणि त्यांना एक सिग्मा न सापडता सगळा जथाच सापडला.

तो कसा सापडला, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे, कारण या विषयातलं बरंचसं ज्ञान हुशारीइतकंच हाताच्या कष्टातून आलं आहे. १९७९ मध्ये रोडर यांच्या गटाने माणसाच्या संवर्धित पेशींच्या अर्कात पॉलिमरेज-२ घालून नळीत अचूक जागेवरून सुरुवात करवून दाखवली. १९८३ मध्ये डिग्नम, लेबोव्हित्झ आणि रोडर यांनी केंद्रकाचा अर्क काढण्याची जी कृती छापली, ती आजही जगभर थोड्याफार फरकाने वापरली जाते. हेला पेशी लिटरच्या लिटर वाढवायच्या. मीठ कमी असलेल्या द्रावणात त्या फुगवायच्या. काचेच्या नळीत घट्ट बसणारा काचेचा दट्ट्या वर-खाली करून पेशींची आवरणं फोडायची; केंद्रकं शाबूत राहिली पाहिजेत, म्हणून हाताचा जोर बेताचा ठेवायचा आणि मध्येच एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मग केंद्रकं जास्त मिठाच्या द्रावणात ढवळायची म्हणजे प्रथिनं बाहेर येतात आणि डीएनए मागे राहतो. हे सगळं शीतकक्षात, चार अंशांवर, स्वेटर घालून. हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स यांच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरला त्यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून त्या त्यांना न विचारता घेतल्या गेल्या होत्या. प्रतिलेखनाच्या आरंभाचं बहुतेक जीवरसायन त्या पेशींवर उभं आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या त्या आकृतीखाली लॅक्स यांचं नाव नसतं.

नमुन्याचा डीएनए म्हणून ॲडेनोव्हायरसचा प्रमोटर निवडला गेला, तो जोरदार होता म्हणून. त्याच्यावरून सुरुवात झाली की कळायचं. डीएनए पुढे एका ठरावीक ठिकाणी कापून ठेवायचा. अचूक जागेवरून निघालेलं पॉलिमरेज त्या कापापाशी येऊन गळून पडतं आणि ठरावीक लांबीचा आरएनए मागे ठेवतं. किरणोत्सारी फॉस्फरसने खूण केलेला हा आरएनए जेलवर पळवून क्ष-किरणांच्या फिल्मखाली ठेवला की एक स्पष्ट काळी पट्टी उमटते. दुबळ्या प्रमोटरची पट्टी अंधूक असते किंवा नसतेच. ज्याची पट्टी दिसते त्याचाच अभ्यास होतो, हा निसर्गाचा नियम नव्हे, संशोधन-अनुदानाचा आहे.

मग सुरू झालं गाळण. अर्क फॉस्फोसेल्युलोजच्या स्तंभातून सोडायचा, मिठाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवायचं, आणि प्रत्येक पायरीला जे उतरेल ते वेगळं ठेवायचं. कुठलाच एक हिस्सा एकटा काम करत नव्हता; एकत्र केले की पट्टी परत यायची. अशा घटकांना टीएफ-२-ए, बी, सी, डी अशी नावं पडली. नंतर ई, एफ आणि एच यांची भर पडली. आजच्या यादीत सी नसतो. चौकस विद्यार्थी तो कुठे गेला असं विचारतात. १९८३ मध्ये कळलं, की तो पॉली-एडीपी-रायबोज पॉलिमरेज नावाचं विकर होता: डीएनएवरच्या चिरा झाकून तो पॉलिमरेजला भलतीकडून सुरुवात करू देत नव्हता, बस्स. आरंभाशी त्याचं काही नातं नव्हतं, नळीतल्या गबाळ्या डीएनएशी मात्र होतं.

या घटकांचा जमाव ज्या क्रमाने होतो तो क्रम पुस्तकात पुढे सविस्तर आहे. इथे त्यातले दोनच क्षण सांगतो. टीएफ-२-डी मधलं टीबीपी हे छोटं प्रथिन डीएनएवर घोड्याच्या पाठीवर टाकलेल्या खोगिरासारखं बसतं. १९९३ मध्ये स्टीफन बर्ली आणि पॉल सिग्लर यांच्या गटांनी स्फटिकांतून ते प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा घोडाच मोडून वाकलेला दिसला: डीएनए सुमारे ८० अंशांत दुमडतो. या वाकणावर पुढच्या सगळ्या प्रथिनांची बैठक ठरते. दुसरा क्षण टीएफ-२-एच चा. त्यातलं एक्सपीबी हे प्रथिन एटीपी जाळून डीएनए पॉलिमरेजच्या खाचेत ढकलतं. आत जागा नाही आणि मागचा भाग जखडलेला, त्यामुळे दोन धाग्यांची उकल होते आणि दहा-पंधरा अक्षरांचा बुडबुडा उघडतो. मग पॉलिमरेज दोन, तीन, पाच अक्षरं जुळवतं आणि पुष्कळदा ती टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. डझनभर अक्षरं जमली की त्याची प्रमोटरवरची पकड सुटते. याच सुमारास टीएफ-२-एच मधलं आणखी एक विकर पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं. ही शेपटी सात अमिनो आम्लांच्या एकाच तुकड्याची पुनरावृत्ती असते: यीस्टमध्ये २६ वेळा, माणसात ५२ वेळा.

टीएफ-२-एच बद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९३ मध्ये स्ट्रासबूरला जाँ-मार्क एग्ली यांच्या गटाला आढळलं, की हा घटक उन्हाने बिघडलेल्या डीएनएच्या दुरुस्तीतही हाच बुडबुडा उघडायचं काम करतो. त्यातल्या प्रथिनांत बिघाड असलेल्या काही मुलांना ऊन सोसत नाही आणि लहान वयात त्वचेचे कर्करोग होतात; तो झीरोडर्मा पिग्मेंटोझम. त्याच प्रथिनात दुसऱ्या जागी बिघाड असला, तर केस ठिसूळ होऊन तुटतात, वाढ खुंटते, कर्करोगाचा धोका मात्र वाढलेला दिसत नाही. पहिल्या आजारात दुरुस्ती अडते. दुसऱ्याचा बराच भाग प्रतिलेखनाच्या आरंभातल्या अशक्तपणाचा आहे, असं मानायला आधार आहे. केसाचं केराटिन पेशीच्या आयुष्यात अगदी शेवटी, भरमसाट प्रमाणात लिहावं लागतं; अशक्त यंत्र तिथेच उघडं पडतं.

आता त्या आकृतीकडे पुन्हा बघू. मानवी आणि उंदराच्या पेशींतले हजारो आरंभबिंदू एकदम मोजायची पद्धत जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या गटाने विकसित केली आणि २००६ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध केले. त्यातून दोन जाती समोर आल्या. एका जातीत सुरुवात एकाच अक्षरावर, टोकदार होते. टाटा बॉक्स सहसा इथे सापडतो, आणि ही जनुकं बहुधा एखाद्या विशिष्ट ऊतीपुरती मर्यादित असतात. दुसऱ्या, कितीतरी मोठ्या जातीत सुरुवात पन्नास-शंभर अक्षरांच्या पट्ट्यावर कुठूनही होते. हे प्रमोटर सीपीजी बेटांत असतात. सस्तन प्राण्यांच्या डीएनएत सी नंतर जी ही जोडी एरवी दुर्मिळ झालेली आहे, कारण मिथाइल लागलेला सी हळूहळू टी मध्ये बदलत जातो. ज्या पट्ट्यांत मिथाइल लागत नाही तिथे ती टिकली, तीच ही बेटं. आपल्या सुमारे दोन-तृतीयांश जनुकांची सुरुवात अशा बेटांवर होते. शिवाय पुष्कळ ठिकाणी पॉलिमरेज दोन्ही दिशांना निघतं, हे २००८ मध्ये दिसलं. डावीकडे गेलेला आरएनए लवकरच नष्ट केला जातो. आकृतीतला तो एकमेव बाण म्हणूनच मला दिवसेंदिवस खटकतो.

याचा अर्थ विषाणूवरचं काम वाया गेलं, असा नाही. २०२१ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं, की टाटा बॉक्स नसलेल्या प्रमोटरवरही टीबीपी डीएनएला तसंच वाकवतं. यंत्र तेच राहतं, त्याला जागेवर आणून बसवणारे मात्र वेगळे असतात. कुठे ते काम इनिशिएटर नावाची छोटी खूण करते, कुठे टीएफ-२-डी ची इतर प्रथिनं करतात. आणि त्या प्रथिनांपैकी टीएएफ-३ डीएनए वाचतच नाही. ते वाचतं हिस्टोनवरची खूण.

हिस्टोनचा विषय नळीतल्या प्रयोगांतून जवळजवळ गळालाच होता, कारण नळीतला डीएनए उघडाबोडका होता. पेशीत तो तसा कधीच नसतो. आठ हिस्टोन प्रथिनांच्या रिळाभोवती १४७ अक्षरं गुंडाळलेली, की झाला एक न्यूक्लिओसोम. आणि असे कोट्यवधी. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही रचना सुचवली. यीस्टच्या पॉलिमरेज-२ ची अणूअणूपर्यंतची रचना २००१ मध्ये मांडणारेही तेच, आणि त्यासाठी २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या त्यांना मिळालं. टाटा बॉक्स अशा रिळात गेला तर टीबीपीला तो सापडत नाही. डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं, की हिस्टोनवर ॲसिटिल गट चढवणारं एक विकर म्हणजे यीस्टमध्ये प्रतिलेखन वाढवणारं, आधीच माहीत असलेलं जीसीएन-५ च आहे. आवरणाची मोडतोड हा आरंभाचाच भाग आहे, हे त्यानंतर नाकारणं कठीण झालं.

मग प्रश्न राहिला, आवरण उघडायला कुठे आणि कोण सांगतं. याचं उत्तर प्रमोटरच्या आसपास शोधण्यात बराच काळ गेला. १९८१ मध्ये झुरिकला वॉल्टर शाफ्नर यांच्या आणि स्ट्रासबूरला पिएर शाँबाँ यांच्या गटांनी एसव्ही-४० या विषाणूच्या डीएनएतला एक तुकडा दाखवला. तो हजारो अक्षरं लांब ठेवला, उलटा लावला, जनुकाच्या मागे लावला, तरी जनुकाचं वाचन कैकपटींनी वाढायचं. एन्हान्सर हे नाव त्याला मिळालं. विषाणूची ही लहर असेल, असं वाटायला वाव होता. दोनच वर्षांत उंदराच्या प्रतिपिंडाच्या जनुकात तसाच तुकडा सापडला, आणि तो फक्त प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींतच काम करत होता.

त्याच १९८३ मध्ये एका डच थॅलसेमिया रुग्णाच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. या एका माणसाने मला अनेक पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. त्याच्या ११व्या गुणसूत्राच्या एका प्रतीवर बीटा-ग्लोबिनचं जनुक होतं. प्रमोटर होता, टाटा बॉक्स होता, जनुकात बिघाड नव्हता. पण त्याच्या वरच्या अंगाचा डीएनए, सुमारे एक लाख अक्षरं, गायब होता. जनुक धडधाकट आणि गप्प. त्या हरवलेल्या भागात काय होतं, हे फ्रँक ग्रोसवेल्ड यांच्या गटाने १९८७ मध्ये उंदरांत दाखवलं: तिथला एक छोटा समूह बीटा-ग्लोबिनला जोडला, की उंदराच्या गुणसूत्रावर तो कुठेही जाऊन पडो, जनुक लाल पेशींत जोरात चालतं. हा लोकस कंट्रोल रीजन बीटा जनुकापासून पन्नासेक हजार अक्षरं लांब आहे. अंतराचा कळस मात्र हाताच्या बोटांत आहे. बोटांची संख्या ठरवण्यात हात असलेल्या सॉनिक हेजहॉग जनुकाचा एन्हान्सर त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरं दूर, एका परक्या जनुकाच्या पोटात बसला आहे. त्यातलं एक अक्षर बदललं की अंगठ्याच्या बाजूला सहावं बोट येऊ शकतं, माणसाला आणि मांजराला सारखंच. फ्लोरिडातल्या हेमिंग्वेच्या घरातली जादा बोटांची मांजरं याच तुकड्यातल्या बदलाची वारसदार आहेत.

इतक्या लांबून निरोप पोचतो कसा? २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने उंदराच्या भ्रूणाच्या यकृतात, म्हणजे जिथे त्या वयात रक्त बनतं तिथे, कंट्रोल रीजन आणि चालू ग्लोबिन जनुक प्रत्यक्ष जवळ आलेले असतात, मधला डीएनए वळशाने बाहेर राहतो, असं दाखवलं. मेंदूच्या पेशींत तसं दिसलं नाही. तरी वळशामुळे जनुक चालतं, की चालू जनुकामुळे वळसा पडतो? गेर्ड ब्लोबेल यांच्या गटाने २०१२ मध्ये याला थेट हात घातला. जीएटीए-१ हे अत्यावश्यक प्रथिन नसलेल्या उंदराच्या पेशी घेतल्या, म्हणजे ग्लोबिन सुरू व्हायची शक्यताच नाही. मग वळसा टिकवणाऱ्या एलडीबी-१ प्रथिनाचा तुकडा कृत्रिमरीत्या ग्लोबिनच्या प्रमोटरवर आणून बसवला. वळसा पडला आणि जनुक बोलायला लागलं. या सगळ्या क्षेत्रात इतका सरळ प्रयोग मला दुसरा आठवत नाही. वळशाच्या दोन टोकांमध्ये मीडिएटर हा पंचवीस-तीस प्रथिनांचा समुच्चय एन्हान्सरवरच्या प्रथिनांचं म्हणणं पॉलिमरेजपर्यंत पोचवतो. त्याच्यावर पुढे वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथे आवरतं घेतो.

पॉलिमरेज निघालं म्हणजे तरी सुरुवात झाली का? बहुतेक वेळा नाही. वीस ते साठ अक्षरं गेल्यावर ते थबकतं. ही गोष्ट आधी फळमाशीच्या उष्णता-धक्क्याच्या जनुकात दिसली आणि मग सस्तन प्राण्यांत सगळीकडे. एनईएलएफ आणि डीएसआयएफ हे दोन घटक त्याला धरून ठेवतात. पी-टीईएफबी हे विकर फॉस्फेट लावतं, तेव्हा ते सुटतं. २००७ मध्ये मानवी भ्रूण-मूलपेशींत पाहिलं, तर जवळपास तीन-चतुर्थांश जनुकांच्या आरंभाशी सुरुवात झाल्याच्या खुणा होत्या, पण त्यातल्या पुष्कळांचा पूर्ण आरएनए बनतच नव्हता. एचआयव्हीने ही अडचण आपल्या आधी ओळखली: त्याचं टॅट प्रथिन थबकलेल्या पॉलिमरेजपाशी पी-टीईएफबी ओढून आणतं. पुन्हा एकदा एका विषाणूने आपल्याला आपलीच पेशी समजावली.

एक प्रश्न अजून भांडणाचा आहे. जिवंत पेशीत पाहिलं तर जनुक संथपणे चालत नाही, झटक्यांत चालतं. काही मिनिटं भराभर प्रती उतरतात, मग बराच वेळ काही नाही. २००६ मध्ये अर्जुन राज आणि संजय त्यागी यांच्या गटाने सस्तन पेशींत हे एकेक आरएनए रेणू मोजून दाखवलं. जमाव जमवणारी प्रथिनं डीएनएवर काही सेकंदच टिकतात, आणि तरी झटका मिनिटांचा असतो. या दोन काळमापांची सांगड कशी घालायची? २०१८ पासून एक पक्ष म्हणतो, की मीडिएटर आणि मंडळी थेंबासारखी एकत्र साचतात आणि त्या थेंबात घनता वाढून काम होतं. चित्रं सुंदर आहेत. पण प्रयोगशाळेत एखादं प्रथिन भरमसाट बनवलं की थेंब होतातच. पेशीतल्या खऱ्या प्रमाणात, खऱ्या जनुकावर ते कारण आहेत की परिणाम, याचा पुरावा मला अजून तोकडा वाटतो. पुस्तकात या बाजूला जास्त जागा मिळाली आहे. वाचकाने ते प्रकरण जरा डोळे उघडे ठेवून वाचावं.

शेवटी, महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये याचं एक ठोस कारण आहे. विदर्भात आणि गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आहे. बीटा-ग्लोबिनमधल्या एका अक्षराने तो होतो. पण रुग्णाचा त्रास किती, हे बरंचसं दुसऱ्याच जनुकावर, गर्भातल्या गॅमा-ग्लोबिनवर अवलंबून असतं. जन्मानंतर ते बंद होत जातं. ज्यांच्यात ते थोडं चालू राहतं त्यांच्या लाल पेशी कमी विळ्यासारख्या होतात. भारतीय रुग्णांत सहसा आढळणाऱ्या सिकल गुणसूत्रावर गॅमा जनुकाच्या आरंभाच्या १५८ अक्षरं आधी सी च्या जागी टी असतो, आणि त्यांच्यात गर्भ-हिमोग्लोबिन आफ्रिकी मुळाच्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त आढळतं. तोच टी याचं कारण आहे की खऱ्या कारणाच्या सोबतीने आलेला आहे, यावर अजून एकमत नाही. हे हिमोग्लोबिन जास्त असूनही अनेकांना तीव्र त्रास होतो, हेही खरं.

गॅमा बंद कोण करतं, याचं उत्तर मात्र सापडलं. बीसीएल-११-ए नावाचं प्रथिन गॅमाच्या प्रमोटरवर, आरंभाच्या ११५ अक्षरांच्या आसपास आधी, बसून ते दाबतं. त्या जागी जन्मजात बदल असलेल्या माणसांत गर्भ-हिमोग्लोबिन आयुष्यभर राहतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी मान्य केलेला कॅसजेवी हा उपचार ग्लोबिनच्या जनुकाला हातच लावत नाही. रुग्णाच्या रक्तमूलपेशी बाहेर काढून, कात्री चालवली जाते ती बीसीएल-११-ए च्या जनुकातल्या एका एन्हान्सरवर, जीएटीए-१ बसतं त्या काही अक्षरांवर. हा एन्हान्सर फक्त लाल पेशींच्या वंशात काम करतो, त्यामुळे इतर पेशींतला बीसीएल-११-ए शाबूत राहतो. अमेरिकेत एका रुग्णासाठी त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. एवढा खर्च कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातला नाही, आणि म्हणूनच गॅमाच्या प्रमोटरवरचं तेच कुलूप एखाद्या गोळीने उघडता येईल का, याचा शोध आता अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.